वाटेवरचे घरटे

आजचे वचन : अनुवाद २२:६-७

वाटेने जाताना घरटे दिसले आणि आई पिल्लांवर बसलेली असली, तर पिल्ले घ्या पण आईला सोडून द्या, असा या वचनाचा भाव. एवढ्याशा आज्ञेला देवाने केवढे मोठे अभिवचन जोडले आहे! तुझे बरे होईल, तू दीर्घायू होशील. आईबापांचा मान राखणाऱ्यालाही हेच अभिवचन आहे.

मी मत्स्यव्यवसाय खात्यात धोरणाचे काम करतो. हे वचन मला आमच्याच नियमांसारखे वाटायचे. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक बोटी बंद, कारण तो बऱ्याच मासळीच्या विणीचा काळ. २०२३ मध्ये महाराष्ट्रात ५४ जातींच्या माशांचा किमान आकारही ठरला. त्याहून लहान मासा धरायचा नाही, एकदा तरी त्याची वीण होऊ द्यायची. देवानेही 'घेऊच नको' म्हटलेले नाही. उद्याचे राखून घे, एवढेच म्हटले आहे.

परवा बाजारात छोटी पापलेटं स्वस्त दिसली. मी वाटा उचलला. कोळीण मावशीने मला ओळखलं.

"साहेब, बंदरावर मीटिंगला तुम्हीच आलेलात ना? पिल्लं धरू नका म्हणून सांगत होतात. मग घेता कशाला? तुम्ही घेता म्हणून तर ती येतात."

मी वाटा गुपचूप खाली ठेवला. घरी येऊन वचन पुन्हा वाचलं. ही आज्ञा फक्त पारध्याला नाही. सहज वाटेने चाललेल्या कुणालाही आहे. म्हणजे मलाही.

मच्छीमाराचा दंड लिहिताना माझा हात कधी अडला नाही. बंदीत त्याची कमाई थांबते, माझा पगार मात्र चुकत नाही. दुसऱ्याच्या ताटातला उपास मी देवाला अर्पण करत होतो.

नियम चुकीचा नाही. समुद्र रिकामा झाला तर आधी मच्छीमारच उपाशी राहील. पण संयमाची किंमत एकट्या त्यानेच का मोजावी? हातातल्या टिप्पणीत मी आता लहान मासळी विकत घेणारे आणि बंदीतली मदत, हे दोन मुद्दे घातले आहेत. ते मंजूर होतील की नाही, देव जाणे. लहान मासा माझ्या घरात येणार नाही, एवढं तरी माझ्या हातात आहे.

प्रार्थना : हे प्रभू, दुसऱ्यासाठी लिहिलेला नियम आधी मला पाळायला शिकव. आमेन.