मेंढराने पांघरलेले लांडग्याचे कातडे

भोकर तालुक्यात करडईचा पेरा आता पूर्वीइतका राहिलेला नाही. सोयाबीन आणि कापसाने बरेचसे रान व्यापले आहे. तरीही पौष-माघात एखाद्या शेतात काटेरी करडई पिवळ्या-केशरी फुलांनी बहरलेली दिसते आणि त्या फुलांपाशी पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा एक कीटक हवेत जागच्या जागी खिळल्यासारखा तरंगताना आढळतो. शेतात काम करणाऱ्या बाया त्याला पाहून हात मागे घेतात. गांधीलमाशीच्या वाटेला कोण जाईल? परंतु ती गांधीलमाशी नसते. नीट पाहिल्यास तिला चार नव्हे, दोनच पंख असतात. मागच्या पंखांच्या जागी तोल सांभाळणाऱ्या दोन बारीक गाठी तेवढ्या राहिलेल्या असतात. तिला नांगी नाही, विष नाही. ती एक निरुपद्रवी माशी आहे आणि जन्मभर दुसऱ्याचा अंगरखा घालून वावरते.

शेतकी खात्याच्या पत्रकांत तिला 'सिरफिड माशी' म्हणतात आणि मित्रकीटकांच्या यादीत तिचे नाव आवर्जून असते. करडईवर मावा पडला की तिची मादी त्याच्या शेजारीच अंडी घालते आणि त्यातून निघालेली आंधळी, पाय नसलेली अळी वाढ पुरी होईपर्यंत शेकडो मावा-किडे फस्त करते. या कुळाच्या 6000 हून अधिक जाती जगात नोंदल्या गेल्या आहेत. भारतात तीनशेहून अधिक. आपल्याकडच्या जातींची पहिली मोठी नोंद एन्रिको ब्रुनेटी यांनी 1923 साली ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेत केली. हे गृहस्थ मूळचे संगीतकार. माश्यांच्या पंखांतल्या शिरा मोजण्यात त्यांनी आयुष्याची किती वर्षे घातली असतील! या कुळात कोणी गांधीलमाशीचे सोंग घेतले आहे, कोणी मधमाशीचे, कोणी केसाळ भुंग्याचे. आणि कित्येकांनी कसलेच सोंग घेतलेले नाही, ती आपली काळीसावळी अंगे घेऊन सुखाने जगत आहेत.

मधमाशीचे सोंग घेणाऱ्या एका जातीने तर माणसालाच शतकानुशतके चकवले. मेलेल्या बैलाच्या कुडीतून मधमाश्या जन्मतात असे प्राचीन ग्रीक व रोमन लोक मानीत. कुजक्या पाण्यात वाढणाऱ्या या माशीला पाहून तो समज झाला असावा, असे मत ओस्टेन-साकेन या रशियन कीटकशास्त्रज्ञाने 1894 साली मांडले आणि शास्ते या पुस्तकातील शमशोनाच्या सिंहाचीही सांगड त्याच माशीशी घातली. सांगड आकर्षक आहे. पण माशी मध करीत नाही, मग शमशोनाने ओंजळीत घेतलेला मध आला कोठून, हे आम्हांस तरी त्यातून उलगडत नाही.

या सोंगाचे कोडे प्रथम उलगडले ते हेन्री वॉल्टर बेट्स यांनी. 1848 ते 1859 अशी अकरा वर्षे अॅमेझॉनच्या अरण्यात काढून परतल्यावर 1862 साली त्यांनी फुलपाखरांवरील आपला निबंध प्रसिद्ध केला. पक्ष्याला एकदा नांगीचा वा कडू चवीचा अनुभव आला की तो त्या रंगाला टाळतो. मग त्या रंगाशी थोडेफार साम्य असलेला दुबळा जीवही वाचतो आणि पिढ्यानुपिढ्या ते साम्य वाढत जाते. यात एक अट मात्र आहे. सोंगे घेणारे थोडे असावे लागतात. ते फार झाले की पक्ष्याच्या तोंडी दहांपैकी आठ वेळा गोड घास लागतो, तो धीट होतो आणि मग खऱ्या गांधीलमाशीलाही चोच मारून पाहतो. ही अट पुढे आम्हांस लागणार आहे, म्हणून येथे सांगून ठेवतो.

आता प्रश्न असा की, ही माशी खोटे बोलते काय? आपण तिला सहज 'फसवी' म्हणतो. संत ऑगस्टीन यांनी असत्यावर दोन स्वतंत्र प्रबंध लिहिले, एक सुमारे 395 साली व दुसरा सुमारे 420 साली. त्यांच्या मते असत्य शब्दांत नसते, इच्छेत असते. मनात एक ठेवून, दुसऱ्याला फसवण्याच्या हेतूने दुसरेच प्रकट करणे म्हणजे असत्य. चुकीचे पण खरे समजून बोलणारा खोटारडा नव्हे. हा निकष लावला तर माशी निर्दोष सुटते. तिला आपले पट्टे ठाऊक नाहीत, पक्ष्याच्या मनात काय चालते ते ठाऊक नाही. सृष्टीत भ्रम पुष्कळ आहे, असत्य नाही. ते यायला इच्छा असलेला प्राणी लागतो.

आणि तो प्राणी हेच सोंग जाणूनबुजून घेतो. ज्वारीच्या शेतात बुजगावणे उभे करणाऱ्या शेतकऱ्याला आपण लबाड म्हणत नाही. शहरात एकटी राहणारी बाई दारापाशी पुरुषाच्या चपला ठेवते, प्रवासात विधवा गळ्यात काळे मणी घालते. त्यांनाही कोणी शहाणा माणूस दोष देणार नाही. शुभवर्तमानात आपल्याला सावध केले आहे ते मेंढराचे कातडे पांघरून येणाऱ्या लांडग्यांविषयी. लांडग्याचे कातडे पांघरलेल्या मेंढराविषयी तेथे काही म्हटलेले नाही. दोन्ही सोंगेच, पण एक खाण्यासाठी आहे, दुसरे खाल्ले जाऊ नये म्हणून. हा भेद मोठा आहे. तो सर्व प्रश्न सोडवतो असे मात्र नाही.

कारण मराठवाड्यातील आपल्या कित्येक घरांत हा प्रश्न पुस्तकी राहिलेला नाही. स्नानसंस्काराच्या वहीत एक नाव आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरे, हे आपण सर्वांनी पाहिले आहे व त्याबद्दल बोलण्याचे टाळले आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 साली शीख व 1990 साली बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती बाहेरच राहिले. या दर्जाबरोबर केवळ शिष्यवृत्ती व नोकरी येत नाही, 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षणही येते. गावकुसाबाहेरचे घर तेच, विहिरीवरचा अनुभव तोच, पण श्रद्धा बदलताच कायद्याची नांगी गळून पडते. मग तो माणूस निदान पट्टे तरी राखून ठेवतो. त्याला भित्रा म्हणणाऱ्यांनी भीती कशाची आहे हे आधी पाहावे.

तथापि ऑगस्टीन येथे सोपी सुटका देत नाहीत. प्राण वाचवण्यासाठीही खोटे बोलू नये, असे त्यांचे ठाम मत होते. त्यांनी आपल्याच गावच्या, थागास्ते येथील, फिर्मुस नावाच्या बिशपांची हकिकत दिली आहे. बादशहाची माणसे ज्याला शोधत होती त्याला या बिशपांनी आसरा दिला होता. विचारणा झाली तेव्हा त्यांनी उत्तर दिले की, मी खोटेही बोलणार नाही आणि त्याला धरूनही देणार नाही. त्यांचा छळ झाला, ते बधले नाहीत. शेवटी बादशहापुढे नेल्यावर त्या माणसाला माफी मिळवूनच ते परतले. तेच ऑगस्टीन याकोबाकडे मात्र निराळ्या नजरेने पाहतात. करडांची कातडी हातांना बांधून, एसाव बनून आंधळ्या इसहाकाचा आशीर्वाद घेणारा याकोब त्यांना लबाड वाटत नाही. ते असत्य नसून रहस्य आहे, असे ते मानतात. आम्हांस हा अर्थ पुरता पटत नाही. हात एसावाचे आणि आवाज याकोबाचा हे म्हाताऱ्याने ओळखले होतेच, आणि त्या सोंगापायी याकोबाला घर सोडून परागंदा व्हावे लागले.

आमचे मत असे. दोन नावे असणे हे असत्य नव्हे. न विचारता न सांगणे हेही असत्य नव्हे. फिर्मुस यांनीही लपलेल्याचा ठिकाणा सांगितला नाही. परंतु शपथपत्रावर 'मी ख्रिस्ती नाही' असे लिहून सही करणे हे असत्य आहे, त्याला दुसरे नाव देता येत नाही. त्या सहीचे उत्तरदायित्व एकट्या सही करणाऱ्याचे नाही. ज्या व्यवस्थेने त्याला श्रद्धा व भाकरी यांपैकी एक निवडायला लावले तिचेही आहे. तरी सही त्याची आहे. आणि येथे ती अट आठवते. खोट्या दाखल्यांची बाब वाढली की अधिकारी प्रत्येक दाखल्याकडे संशयाने पाहू लागतो आणि चोच बसते ती खऱ्या हक्कदाराला, म्हणजे बहुधा आपल्याच भावकीतल्या कोणाला तरी.

मग त्याने फिर्मुस व्हावे काय? येथे आम्ही अडखळतो. फिर्मुस बिशप होते. त्यांनी जे पणाला लावले ते स्वतःचे अंग होते. सही नाकारणारा बाप मात्र मुलीचे नर्सिंगचे शिक्षण पणाला लावतो, आणि मुलीला कोणी विचारलेले नसते. ज्यांची आडनावे पिढ्यान्‌पिढ्या उघड ख्रिस्ती आहेत, ज्यांच्या वाड्यांत देऊळही आहे आणि शाळाही, अशा आपल्या बांधवांनी या बापाला धैर्याचा उपदेश करण्यापूर्वी त्या मुलीच्या फीचे काय, हे विचारावे.

विज्ञानाची एक गोष्ट सांगावयाची राहिली. बहुतेक सिरफिड माश्यांचे सोंग अगदी ओबडधोबड असते. कसलेल्या नजरेला ते क्षणात कळते. ते अधिक हुबेहूब का झाले नाही? 2012 साली कॅनडातील संशोधकांनी अनेक जातींची मोजमापे घेऊन दाखवले की, सोंग हुबेहूब असते ते आकाराने मोठ्या माश्यांचे. लहान माशीत पक्ष्याला मिळणार ते काय? तिच्यासाठी तो फारसा धोका पत्करीत नाही, म्हणून तिचे थोडेसे साम्यही पुरते. आपल्याकडचे साम्यही असेच अर्धवट आहे. गावात सर्वांना ठाऊक असते की हे घर रविवारी कोठे जाते. तलाठ्याला ठाऊक असते, मास्तरांना ठाऊक असते. ते चालून जाते, जोपर्यंत त्या घरातला कोणी मोठा होऊन एखाद्या जागेसाठी उभा राहत नाही तोपर्यंत. मग तक्रार होते, पडताळणी लागते, आणि स्नानसंस्काराची वही मागवली जाते.

आणि कोणी वारले की घरात पहिला वाद होतो तो कबरीवर कोणते नाव कोरावे याचा. कित्येक ठिकाणी दोन्ही कोरतात. कोठे केवळ क्रूस उभा करून खालची जागा मोकळी ठेवतात.