तो लाल दिवा लुकलुकतोय का?

ती. आत्या,


काल फोनवर तुझा आवाज ऐकूनच कळलं की तू किती वैतागली आहेस. पेन्शनच्या कामाचा अर्ज निम्म्याहून जास्त भरून झालेला आणि नेमका तेव्हाच ब्राउझर हँग. दुधावर साय धरावी तसा खिडकीवर पांढुरका थर, वरच्या पट्टीत 'नॉट रिस्पॉन्डिंग', आणि शेवटी तू बोर्डावरचं बटणच बंद केलंस. दुकानदाराने तर सांगून टाकलं, 2013 चं मशीन आहे, नवीनच घ्या. घेऊ का, असं तू विचारलंस तेव्हा मी नीट उत्तर दिलं नाही. आज सविस्तर लिहितो. माझ्या मते अजून घेऊ नकोस.

आधी त्या बटणाचं. पडदा थिजला तरी आतली हार्ड डिस्क बरेचदा काहीतरी लिहीत असते. त्या क्षणी वीज तोडली तर अर्धवट लिहिलेली फाइल बिघडते, कधी विंडोज पुन्हा सुरूच होत नाही. तुझ्या कॅबिनेटवर पॉवरच्या बटणाशेजारी एक बारीक लाल दिवा आहे बघ. तो हार्ड डिस्कचा. ब्राउझर अडकला की आधी त्या दिव्याकडे बघ. तो सलग पेटलेला असेल किंवा भराभर लुकलुकत असेल, आतून करकर ऐकू येत असेल, तर मशीन काम करतंय, फक्त त्याला धाप लागली आहे. माउस सोड आणि दोन-तीन मिनिटं थांब. तू मारलेला प्रत्येक जादा क्लिक त्याच्यापुढच्या रांगेत उभा राहतो आणि थांबणं आणखी लांबतं.

धाप का लागते ते सांगतो, म्हणजे उपाय लक्षात राहील. तुझ्या मशीनची रॅम 4 जीबी. दिवाळीच्या फराळाच्या वेळचा तुझा ओटा आठव. रॅम म्हणजे तो ओटा आणि हार्ड डिस्क म्हणजे माळा. ओट्यावर जागा संपली की विंडोज काही डबे माळ्यावर ठेवून येतं आणि लागतील तसे शिडी लावून खाली आणतं. तुझी हार्ड डिस्क जुन्या पद्धतीची, फिरत्या तबकडीची. जागा बदलून बदलून वाचायचं झालं तर ती सेकंदाला जेमतेम शंभर वेळा वाचू शकते. रॅमच्या मानाने हा वेग काहीच नाही. लाल दिवा लुकलुकतो तेव्हा या शिडीवरच्या चढउतारी चाललेल्या असतात. विंडोज आणि अँटिव्हायरस मिळून ओट्याचा निम्मा भाग आधीच अडवतात. उरलेल्यात तुझा ब्राउझर.

आणि आता ब्राउझरचा संसारही वाढलाय. क्रोम 2008 मध्ये आला तेव्हापासूनच तो वेगवेगळ्या टॅबसाठी वेगळी प्रोसेस चालवतो, म्हणजे एक पान कोसळलं तर बाकीची शाबूत राहावीत. 2018 पासून प्रत्येक वेबसाइटही वेगळी कोंडली जाते. एका साइटने शेजारच्या बँकेच्या पानातली माहिती चोरू नये यासाठी. त्यापायी मेमरी दहा टक्क्यांहून थोडी जास्त लागते, हे गूगलनेच तेव्हा सांगितलं होतं. मला हा सौदा योग्य वाटतो. म्हणून ब्राउझरला शिव्या देण्यापेक्षा त्याच्या आत कोण किती जागा खातंय ते बघावं.

त्यासाठी क्रोम चालू असताना शिफ्ट दाबून धर आणि एस्केप दाब. एक छोटी यादी उघडेल, क्रोमचा स्वतःचा टास्क मॅनेजर. तिच्यात 'मेमरी फूटप्रिंट' या शब्दांवर एकदा-दोनदा क्लिक केलंस की सगळ्यात खादाड पान वर येईल. मागच्या महिन्यात तुझ्याकडे आलो होतो तेव्हा मी हे करून बघितलं होतं. अकरा टॅब उघडे होते. तुझ्या मेलला लागत होती त्याच्या दुपटीहून जास्त मेमरी बातम्यांचं एकच पान खात होतं, कारण त्यात आपोआप सुरू होणारे व्हिडिओ आणि सतत बदलणाऱ्या जाहिराती होत्या. ते तू सकाळी वाचून संपवलेलं होतंस. अशी ओळ निवडून 'एंड प्रोसेस' केलं की सहसा तेवढंच पान बंद पडतं, बाकीची राहतात. अर्ज भरतेयस ते पान मात्र चुकूनही निवडू नकोस.

अकरा टॅब का ठेवतेस हेही मला ठाऊक आहे. बंद केलं तर परत सापडणार नाही, ही भीती. ती भीती सोड. कंट्रोल आणि डी दाबलंस की पान बुकमार्कमध्ये जातं. कंट्रोल आणि एच दाबलंस की मागे पाहिलेल्या पानांची यादी येते. चुकून बंद झालेला टॅब कंट्रोल, शिफ्ट आणि टी या तीन कळांनी परत उघडतो. या कळा एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटव. चार टॅब पुरेत. अर्ज भरताना तर एकच. आणि क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'परफॉर्मन्स'खाली 'मेमरी सेव्हर' चालू कर, म्हणजे न बघितलेले टॅब तो स्वतःच निजवतो.

एवढं करूनही अडकलं तर एक्स्टेन्शनवर, म्हणजे क्रोमला वरून जोडलेल्या जादा सोयींवर, संशय घे. कंट्रोल, शिफ्ट आणि एन दाबून इन्कॉग्निटो खिडकी उघड आणि त्याच साइट अर्धा तास वापरून बघ. तिथे एक्स्टेन्शन सहसा बंद असतात. तिथे सुरळीत चाललं तर दोष त्यांच्यातल्या एखाद्याचा असण्याची शक्यता बरीच. मग सगळी बंद करायची आणि एकेक परत चालू करत जायचं. एका वेळी एकच बदल कर, आत्या. पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि बरं वाटलं, तर गुण कशाने आला ते कधीच कळत नाही. कॅश साफ करा असं सगळेच सांगतात. ते करायला हरकत नाही, पण हँग होणं त्याने क्वचितच थांबतं. आणि करताना पासवर्डच्या चौकटीवर खूण नाही ना, ते बघ.

आता दिवा शांत आहे, तरी व्हिडिओ लावला की पडदा थिजतो, असं होत असेल तर ग्राफिक्सकडे बघायचं. यूट्यूबवरचे बरेच व्हिडिओ आता ज्या स्वरूपात येतात, ते उलगडायची सोय तुझ्या 2013 च्या चिपमध्ये नाही. सगळा भार प्रोसेसरवर पडतो. कीर्तन ऐकताना दर्जा 480 वर ठेव. ऐकण्यात काहीच उणं पडत नाही. तरीही थिजलं तर सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम'खाली ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशनचं बटण आहे, ते बंद करून क्रोम पुन्हा सुरू कर. कुठे फरक पडतो, कुठे उलट जड होतं, म्हणून दोन्ही करून बघायचं. दुपारीच आणि तासाभरानेच हँग होत असेल, तर आत धूळ साचून मशीन तापतंय. ते साफ करायचं काम माझं, तू उघडू नकोस.

एका आवाजाची मात्र मला खरी भीती वाटते. करकर ठीक, पण ठरावीक अंतराने टक… टक… असं ऐकू आलं तर डिस्क शेवटच्या घटका मोजतेय असं समज. बाबांच्या संगणकात मी दोन आठवडे ब्राउझर काढून पुन्हा टाकत बसलो, विंडोजही नव्याने टाकलं. तो आवाज रोज कानावर पडत होता. डिस्क गेली आणि तिच्यासोबत आजीच्या पंच्याहत्तरीचे सगळे फोटो गेले. ती हळहळ अजून जात नाही. तुझ्या बाबतीत तसं होऊ द्यायचं नाही.

आणखी एक. कधी अख्खा पडदा अडकेल, भोंगा वाजेल, 'तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा' असं लिहून येईल. ते हँग होणं नव्हे, ती फसवणूक. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. फोन करू नकोस. एस्केप दाबून धर, मग ऑल्ट आणि एफ-4. नाहीच हललं तर कॅबिनेटवरचं पॉवरचं बटण दाबून धरून बंद कर. तेवढ्या एका वेळी चालेल. क्रोम पुन्हा उघडल्यावर 'रिस्टोअर' विचारेल, त्याला हो म्हणू नकोस. आणि चुकून पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नकोस. ताबडतोब 1930 ला फोन कर, मग मला.

खर्चाचं म्हणशील तर दोनच गोष्टी करायच्या. तुझ्या मदरबोर्डवर रॅमचा एक स्लॉट मोकळा आहे, मी पाहिलाय. त्यात डीडीआर-3 ची 4 जीबीची आणखी एक पट्टी बसेल. डीडीआर-4 त्यात बसतच नाही, म्हणून दुकानात तू स्वतः घ्यायला जाऊ नकोस. आणि तबकडीच्या जागी एसएसडी. ती सेकंदाला हजारो वेळा वाचते, शिडीच उरत नाही. हे दोन बदल झाले की हेच मशीन तुझ्या कामाला आणखी काही वर्षं सहज पुरेल. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 तुझ्या प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही. तेव्हा एसएसडी बसवताना त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकू. तेच क्रोम, तेच बुकमार्क, तोच मराठी कीबोर्ड. पहिले आठ दिवस मी रोज संध्याकाळी फोनवर असेन.

येत्या रविवारी सामान घेऊन येतो. तोवर पेन्शनचा अर्ज सकाळी, मशीन नुकतं सुरू केलेलं असताना, एकाच टॅबमध्ये भर. आणि त्याच्याही आधी, आज रात्रीच, सगळे फोटो पेन ड्राइव्हवर उतरवून घे.

तुझा भाचा