गोमाशीचें नांव

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें इंग्लंडांतील न्यू फॉरेस्ट येथून घोड्याच्या मानेवर बसलेल्या एका भल्यामोठ्या गोमाशीचें छायाचित्र आम्हांस पाठविलें व तिची जाति विचारली. तिचे डोळे मस्तकावर एकमेकांस भिडलेले नव्हते. तेव्हां ती मादी, म्हणजेच रक्त पिणारी, एवढें उघड होतें. (नराचे डोळे भिडलेले असतात आणि तो बिचारा फुलांतील मधावर गुजराण करतो.) येथेंच थांबावयास हवें होतें. परंतु लिनियसनें १७५८ मध्यें जिचें नामकरण केलें ती 'टॅबॅनस बोव्हिनस' हीच, असें आम्ही लागलीच कळवून टाकलें.

वास्तविक त्याच प्रजातींत 'टॅबॅनस सुडेटिकस' नांवाची तिची बहीण आहे. उदराच्या पाठीवरील फिकट त्रिकोण बोव्हिनसमध्यें उंच, खंडाच्या पुढल्या कडेस पोंचणारे. सुडेटिकसमध्यें ठेंगणे, अलीकडेच संपणारे. पहिलीचे डोळे हिरवट, दुसरीचे काळपट तपकिरी. चित्रांत त्रिकोण पंखांआड गेले होते व डोळ्यांवर सावली होती. हें आम्हांस लिहितांना दिसत होतें. मग लिहिलें कां? विचारणारा आमचा विद्यार्थी होता, आणि त्याच्यापुढें 'ठाऊक नाहीं' म्हणणें जिवावर आलें, दुसरें कारण नाहीं. पुढें त्याच्या मुलीनें त्या माशीचें चित्र काढून खालीं तें नांव लिहिलें व शाळेंत लावलें.

यास असत्य म्हणावें काय? नांव खरेंही असूं शकेल. पण माशीविषयीं आम्ही खोटें बोललों नसलों, तरी स्वतःविषयीं बोललों. जें पाहिलें नव्हतें तें पाहिल्याचा आव आणला. वैद्यास कधीं कधीं अपुऱ्या लक्षणांवरून रोगाचें नांव घ्यावें लागतें, कारण रोगी थांबूं शकत नाहीं. येथें कोणाचें कांहींच अडलें नव्हतें. ती सबब आम्हांस नाहीं.

गंमत अशी कीं, प्लेटोच्या 'अपॉलजी'मध्यें सॉक्रेटीस स्वतःस थोर पण सुस्त घोड्याला डिवचणारी गोमाशीच म्हणवितो, आणि त्याचा दंश आपणांस सारें कळतें असें मानणाऱ्यांसाठींच होता. हा पाठ आम्ही वर्गांत वर्षानुवर्षें शिकविला आहे!

शेवटीं आम्ही पुन्हां लिहिलें: प्रजाति निश्चित, जाति या चित्रावरून सांगतां येत नाहीं; मुलीसही कळवावें. चित्राखालील दुसरा शब्द तिनें खोडला असून पहिला तसाच ठेवला आहे, असें काल त्याचें पत्र आलें.