वाळवंटातले यजमानपण

पंढरीच्या माणसाला वाळवंट म्हटले की चंद्रभागेचा काठ दिसतो, टाळमृदंग ऐकू येतो. खरे मरुस्थळ निराळे. जैसलमेरपासून सुमारे ४० किलोमीटरांवर सम नावाचे गाव आहे. तेथे वाळूच्या टेकड्यांमागे टेकड्या. वर्षाकाठी पाऊस २० सेंटिमीटरांच्या आसपास. हल्ली थंडीच्या दिवसांत पुष्कळ मंडळी हौसेने तिकडे तंबूत राहतात. आखाती देशांतही ही रीत आहे, आणि पोटापाण्यासाठी तिकडे गेलेली आपली काही मराठी कुटुंबेही सुट्टीत तंबू घेऊन वाळूत जातात. मग त्यांना भेटायला मित्रमंडळी येतात. पाणी चौघांपुरते आणलेले, आणि माणसे झाली आठ. आता यजमानाने काय द्यावे, आणि कोणाचे द्यावे?

कोणी म्हणेल, "हा काय प्रश्न झाला? अतिथी म्हणजे देव. असेल ते सगळे द्यावे." घरी हे ठीक आहे. घरी आड आहे, शेजार आहे, वाण्याचे दुकान आहे. वाळवंटात यांतले काही नाही. नुसते पिण्यालाच माणशी दिवसाला तीन-चार लिटर पाणी लागते, रांधण्याचे निराळे. तेथे मित्राच्या पेल्यात ओतलेला घोट कोणाच्या तरी वाट्यातून जातो. कोणाच्या, हे पाहिल्याशिवाय त्याला दान म्हणता येत नाही.

भागवताच्या नवव्या स्कंधात रंतिदेव राजाची कथा आहे. ४८ दिवस पाण्याचा थेंबही न मिळालेला तो राजा, कुटुंबही भुकेने कासावीस. एकोणपन्नासाव्या दिवशी अन्न आले, तसे दारात एकामागून एक अतिथीही आले, आणि अन्न संपले. उरले एकट्याची तहान भागेल एवढे पाणी. ते तो तोंडाला लावणार, इतक्यात एक तहानलेला चांडाळ आला, आणि राजाने ते पाणी त्याला दिले. कीर्तनात ही कथा ऐकताना आपण त्यागाला मान डोलावतो, पण एक गोष्ट लक्षात घेत नाही. शेवटचे ते पाणी राजा स्वतः पिणार होता. दुसऱ्याच्या ओठांजवळचा पेला काढून त्याने औदार्य केले नाही.

आपण मात्र नेमके तेच करतो. मित्रापुढे मान राहावा म्हणून पोरांच्या वाट्याचे पाणी चहात घालतो. घरची बाई शेवटी उरेल ते खाते, आणि नाव होते यजमानाचे. कमी आहे हे सांगायची आपल्याला लाज वाटते. खरं म्हणजे त्या लाजेत पाहुण्याचे प्रेम थोडे आणि आपला मोठेपणाच जास्त असतो.

अरबस्तानातील बेदुइन लोक पिढ्यान् पिढ्या वाळवंटातच वावरले. आलेल्याला तीन दिवस ठेवून घ्यावे, तोवर 'का आलास' हे विचारू नये, ही त्यांची जुनी चाल. कॉफी द्यायची ती लहान पेल्यात, घोटभर. पुरे झाली की पाहुणा पेला हलवून परत देतो. युनेस्कोने २०१५ साली अरबी कॉफीची ही चाल मानवजातीच्या वारशात नोंदवली. यात आदर आहे, तसे मापही आहे. किती द्यायचे हे यजमानाला ठाऊक, किती घ्यायचे हे पाहुण्याला ठाऊक. म्हणून कोणीच ओशाळत नाही.

आपल्या संतांनाही मरुभूमी ठाऊक होती. ज्ञानेश्वर माउली आणि नामदेवराय तीर्थयात्रेला निघाले असता मारवाडात, हल्लीच्या बिकानेरजवळील कोलायत येथे, तहानेने व्याकूळ झाले, असे परंपरा सांगते. विहीर फार खोल. माउली योगसामर्थ्याने आत उतरून पाणी प्याले. नामदेवरायांनी विठ्ठलाचा धावा केला, आणि विहीर भरून वाहू लागली. त्या वाळूत दोघेही मित्र पाहुणेच होते. यजमान होता पांडुरंग. तंबू ठोकणाऱ्याने हे ध्यानात धरावे. तो आधी पोहोचला एवढेच. भूमी त्याची नव्हे, पाणीही त्याचे नव्हे. मालकी नसल्यावर मिरवायचे काय? पण जे आपल्या स्वाधीन आहे त्याची राखण मात्र करायलाच हवी, कारण त्यावर लहानांचा, आजाऱ्यांचा हक्क आहे.

वारकऱ्याला यासाठी मारवाडात जायला नको. पालखीच्या मुक्कामी राहुटीवर सोयरेधायरे भेटायला येतात. आनंद वाटतो, "बसा की पंगतीला" असे तोंडातून जाते. पण ते अन्न साऱ्या दिंडीच्या वर्गणीचे, आणि मागे अजून पन्नास जण चालून दमलेले असतात. अशा वेळी पाहुण्याला परत पाठवू नये. आपल्या पानातली अर्धी भाकरी आधी त्याच्या पानात वाढावी, आणि मोकळेपणाने सांगावे, "बाबा, आज एवढेच आहे." जो खरा मित्र असेल तो त्या अर्ध्या भाकरीने तृप्त होईल, आणि पुढच्या खेपेला येताना चार माणसांचा शिधा नि पाण्याची घागर घेऊन येईल.

रामकृष्णहरी.