कूर्मदासाचा निरोप

पैठणच्या एका छोट्या यात्रा कंपनीची गाडी दर हिवाळ्यात तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर अशी फिरून यायची. कंपनी म्हणजे काय, तर मालक अण्णा, एक ड्रायव्हर, एक आचारी आणि सामान चढवायला-उतरवायला एक पोरगा. अण्णा माणूस सज्जन. कुणाला गाडी लागली तर स्वतः लिंबू घेऊन धावत, म्हाताऱ्यांना न मागता खिडकीची जागा देत.

त्या वर्षी गाडीत एक निवृत्त शिक्षिका होत्या. गावात सगळे त्यांना नुसतं बाई म्हणत. लहानपणी पोलिओ झालेला. उजव्या पायाला कॅलिपर आणि चालायला दोन कुबड्या. नोकरीभर शाळेचा जिना त्या रोज चढल्या-उतरल्या होत्या, त्यामुळे पायऱ्यांची त्यांना धास्ती नव्हती. वेळ जास्त लागायचा, एवढंच.

पहिला मुक्काम तुळजापूर. तिथं देवीच्या दर्शनाला महाद्वारातून खाली उतरून जावं लागतं. अण्णांनी आधीच बेत ठरवून ठेवला होता. बाई कुबड्या सावरून पहिल्या पायरीकडे वळतात तोच दोन धट्टेकट्टे गडी प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन हजर.

"बाई, तुम्ही काहीच करायचं नाही. नुसतं बसायचं," अण्णा म्हणाले.

बाई काही बोलायच्या आत खुर्ची उचललीसुद्धा गेली. कॅलिपरचा पट्टा मांडीत रुतला, लुगड्याचा काठ गुडघ्यावर सरकला, एक कुबडी वरच राहिली. खाली पोचल्यावर गर्दीतल्या एका भाविक बाईनं देवीला हात जोडले आणि जाता जाता बाईंच्या ओटीत दहाची नोट टाकली. ज्या हातानं इतकी वर्षं हजेरीपट भरला, त्या हातात ती नोट धरून बाई दर्शनाच्या रांगेतून पुढे गेल्या. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी अक्कलकोटला त्या म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या, मी गाडीतच बसते."

अण्णांनी त्याचा सरळ अर्थ लावला, बाईंना गाडीत बसायलाच बरं वाटतं. मग सगळ्यांनी आपापल्या चपला, पिशव्या, शाली त्यांच्याजवळ ठेवल्या. परत आल्यावर जो तो त्यांच्या हातावर प्रसाद ठेवी आणि मोबाइलवरचे फोटो दाखवी. पंढरपुरात तर कहर झाला. नामदेवाच्या पायरीचा फोटो, चंद्रभागेच्या वाळवंटाचा फोटो, महाद्वारातल्या दुकानांचा फोटो. बाईंच्या मांडीवर लाडू, चुरमुरे, बुक्क्याच्या पुड्या असा ढीग साचला. "बसल्या जागी सगळं मिळालं बघा तुम्हाला," शेजारची आजी कौतुकानं म्हणाली.

सामानाच्या पोराला मात्र एक गोष्ट खटकत होती. सकाळी तो सगळ्यांच्या बाटल्या भरून द्यायचा. संध्याकाळी बाईंची बाटली जशीच्या तशी असायची.

"बाई, पाणी पीत नाही का तुम्ही?"

"पिते की. घरी गेल्यावर."

पोराला हे कोडं उलगडलं नाही.

पंढरपूर सोडून गाडी परतीला लागली आणि अरणला थांबली. सावता महाराजांचं गाव. दर्शन झालं, चहा झाला आणि सगळे गाडीत येऊन बसल्यावर यात्रेतल्या कीर्तनकार बुवांना कथेची लहर आली.

"पुढचं गाव लऊळ. तिथं आपल्या पैठणच्याच एका भक्ताची समाधी आहे, कूर्मदासांची. महिपतीबुवांनी १७६२ साली भक्तविजय लिहिला, त्यात ही कथा आहे. कूर्मदासाला हात नव्हते, पाय नव्हते. कीर्तनात पंढरीची महती ऐकली आणि हा निघाला. सरपटत, लोळत, पोटावर पुढे सरकत. लऊळपर्यंत आला आणि शरीर थकलं. एकादशी तर उद्यावर आलेली. मग त्यानं पंढरीला निघालेल्या वारकऱ्यांबरोबर देवाला निरोप धाडला, माझ्यानं आता येववत नाही, तूच ये. आणि देव निघाला! बरोबर ज्ञानदेव, नामदेव. वाटेत इथं अरणला सावतोबांच्या मळ्यात थांबला आणि तिथून लऊळला जाऊन कूर्मदासाला भेटला."

गाडीत 'रामकृष्ण हरी' झालं. कुणी डोळे पुसले.

"बुवा, एक शंका आहे," मागच्या बाकावरून आवाज आला. बाई सगळ्या प्रवासात पहिल्यांदाच सगळ्यांसमोर बोलत होत्या. "देवानं वारकऱ्यांच्या हाती प्रसादच का नाही पाठवला? नाहीतरी ते त्याच वाटेनं परत जाणार होते. सोपं झालं असतं."

लोक हसले. बुवा हसले नाहीत. थोडं थांबून म्हणाले, "कूर्मदासानं प्रसाद मागितलाच नव्हता, बाई. त्यानं भेट मागितली होती."

"म्हणजे देवानं आधी निरोप ऐकला."

"ऐकला."

"अण्णा, माझा निरोप ऐकला का हो कुणी?"

अण्णा गडबडले. "बाई, तुम्हाला त्रास होऊ नये म्हणूनच सगळं केलं. काही कमी पडलं का?"

"जीव लावलात, ते मी जन्मभर विसरणार नाही. पण मला उचलायचं का, हे मला सोडून सगळ्यांना विचारलंत. पायऱ्या मी उतरले असते. बाजूला कठडा आणि हातात पाऊण तास, एवढं मला पुरतं."

बुवा समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, कूर्मदासासारखा देव तुम्हालाही बसल्या जागी भेटला असं समजा."

"देव मला घरच्या देव्हाऱ्यातही भेटतो, बुवा. त्यासाठी मी पैसे भरून गाडीत बसले नाही. मला पंढरपूर बघायचं होतं. चंद्रभागेच्या पाण्यात पाय घालायचा होता. दुकानात घासाघीस करून बुक्का घ्यायचा होता. कूर्मदासाला विठोबा भेटला, पंढरपूर राहूनच गेलं. आणि तो मोठा भक्त होता म्हणून देव धावला तरी. माझ्यासारख्या साध्या माणसाला हिंडायची हौस असेल तर त्यानं कुणाची वाट बघायची?"

आता कुणी हसलं नाही.

अण्णा हळूच म्हणाले, "देवाला जमलं ते आम्हा माणसांना कसं जमावं?"

"देवाइतकं नकोच. अपंगांच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला, त्यात एकवीस प्रकारची अपंगत्वं मोजली आहेत. पण तुमच्या गाडीची पहिली पायरी अजून माझ्या गुडघ्याइतकी उंच आहे. तिच्याखाली एक पाट ठेवा. मुक्काम ठरवताना फोनवर एवढंच विचारा, कमोड आहे का. माझा गुडघा वाकत नाही, अण्णा. म्हणून घर सोडल्यापासून मी घोट-घोट पाण्यावर आहे."

सामानाचा पोरगा एकदम उठून उभा राहिला. त्याचं कोडं सुटलं होतं. आणि शेजारची आजी, जी बसल्या जागी सगळं मिळाल्याचं कौतुक करत होती, ती खाली मान घालून पुटपुटली, "माझंही तेच चाललंय गं. गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, पण सांगायची लाज वाटली." तिच्या मागच्या बाकावरच्या मधुमेहाच्या काकांनीही मान हलवली.

गाडी लऊळला थांबली. खाली उतरण्याआधी अण्णा बाईंजवळ आले. "बाई, इथं कसं करायचं?"

"तुमच्या आधी मला निघू द्या. पोराला बरोबर द्या, पण हात धरायला नको. कुबडी निसटली तर उचलून दे म्हणावं, बास."

बाई पुढे निघाल्या. आजी म्हणाली, "थांब, मीपण तुझ्याच चालीनं येते." मधुमेहाचे काकाही मागोमाग निघाले. त्या दिवशी गाडी पैठणला तासभर उशिरा पोचली. चपला-पिशव्या कुलूप लावलेल्या गाडीत बसून होत्या आणि एकही हरवली नाही.

पुढच्या हिवाळ्यात अण्णांच्या नावनोंदणीच्या कागदावर एक नवी ओळ आली: 'प्रवासात आपल्याला काय लागेल, ते आपणच सांगावे.' लोकांनी ती भरभरून लिहिली. कुणाला ऐकू कमी येत होतं, त्याला गाडी सुटायची वेळ कागदावर लिहून हवी होती. कुणाला दिसत नव्हतं, त्याला देवळाच्या खांबांवरचं कोरीवकाम हातानं बघायला सवड हवी होती. अण्णांनी दिवसाला तीन गावांऐवजी दोन गावं घेतली, कमोडची सोय असलेले मुक्काम शोधले, गाडीच्या दाराशी लाकडी पाट ठेवला. पाटावर सगळ्यात आधी पाय ठेवला तो स्वतः अण्णांनी. त्यांचेही गुडघे आता कुरकुरू लागले होते. आणि जे म्हातारे 'आता आमच्यानं होत नाही' म्हणून घरी बसले होते, ते नावं नोंदवायला येऊ लागले.

त्या खेपेला बाई चंद्रभागेच्या काठी गेल्या, घाटाच्या पायऱ्या आपल्या चालीनं उतरून. नंतर बुक्क्याच्या दुकानात दुकानदारानं त्यांना पाहून पुडी फुकट पुढे केली. बाईंनी ती परत त्याच्यासमोर ठेवली. "भाव सांगा," त्या म्हणाल्या, आणि दोन रुपये कमी करून घेतल्यावरच पुडी पिशवीत टाकली.

तात्पर्य : ज्याला पोचता येत नाही त्याच्यासाठी प्रसाद आणणं ही दया झाली, आणि न विचारता त्याला उचलून नेणं ही हौस झाली. देवानं या दोन्हींतलं काही केलं नाही. त्यानं आधी निरोप ऐकला आणि मग जेवढं अंतर उरलं होतं, ते स्वतः चालून गेला. उरलेलं अंतर चालण्याची जबाबदारी ज्याचे पाय धड आहेत त्याची.