एकी आणि वेगळी चूल

एकीचे बळ आपल्याला कोणी मुद्दाम शिकवावे लागत नाही. काठ्यांच्या मोळीची गोष्ट आपण बालपणीच ऐकलेली असते. शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभू येशूने पित्याजवळ जी प्रार्थना केली, तिचा गाभाही आपल्या शिष्यांनी एक व्हावे हाच होता, हे आपण जाणतो. म्हणूनच एकत्र येण्याच्या प्रस्तावापुढे कोणी "थांबा, जरा विचार करू या" असे म्हटले, की त्याच्याविषयी आपले मन लगेच कलुषित होते. हा स्वार्थी आहे, ह्याला वेगळी चूल मांडायची आहे, असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु एकीविषयी शंका घेणारा प्रत्येक जण एकीचा वैरी असतो काय? प्रामाणिक शंका कोणती आणि आपमतलबी कोणती, हे ओळखावे कसे? घरच्या वाटणीपासून राष्ट्रांच्या संघापर्यंत हा प्रश्न सारखाच आहे, आणि तो जितका राजकारणाचा तितकाच सदसद्विवेकाचा आहे.

ह्या प्रश्नाचे आपल्या काळातील गाजलेले उदाहरण ब्रिटनचे. दोन महायुद्धांत होरपळलेल्या युरोपने पुन्हा एकमेकांवर शस्त्र उगारू नये, ह्या हेतूने रोबेर शुमान, कोनराड आडेनाउअर, आल्चिदे दे गास्पेरी ह्यांसारख्या नेत्यांनी युरोपच्या एकीकरणाचा पाया घातला. हे तिघेही श्रद्धावंत कॅथलिक होते. शुमान ह्यांना पोप फ्रान्सिस ह्यांनी २०२१ मध्ये 'पूजनीय' म्हणून घोषित केले. ब्रिटन ह्या कुटुंबात आले ते उशिरा, १९७३ मध्ये, आणि आल्यावरही उंबरठ्याजवळच बसून राहिले. १९९२ च्या मास्ट्रिक्ट कराराने समान चलनाचा मार्ग आखून दिला, तेव्हा ब्रिटनने त्यातून स्वतःला वगळून घेतले. शेवटी २३ जून २०१६ च्या सार्वमतात सुमारे ५२ टक्के मतदारांनी संघ सोडण्याचा कौल दिला आणि ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडले.

ह्या शंकेखोरांचे म्हणणे थोडक्यात असे होते : चलन म्हणजे नुसते नाणे नव्हे. ज्याच्या हाती चलन, त्याच्या हाती व्याजाचा दर आणि पडत्या काळात देशाला सावरण्याची किल्ली. ती किल्ली दुसऱ्याच्या स्वाधीन केली, की मागोमाग तिजोरी जाते आणि तिजोरीच्या मागोमाग राज्यकारभार. मग ज्यांना आपण निवडून दिलेले नाही आणि ज्यांना आपण घरी पाठवू शकत नाही, अशी माणसे आपल्या भाकरीचा निर्णय घेऊ लागतात. हे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. २०१० मध्ये ग्रीस कर्जाच्या गर्तेत सापडला, तेव्हा आपल्या चलनाचे मूल्य कमी करण्याचा उपाय त्याच्या हाती उरलेला नव्हता. धनकोंच्या अटी मान्य करून पेन्शने आणि पगार कापण्यावाचून त्याला गत्यंतर राहिले नाही. परंतु ह्या रास्त शंकेत दुसरेही काही मिसळलेले होते : मावळलेल्या साम्राज्याचा ताठा, आणि पोलंड-रुमानियातून पोटासाठी आलेल्या कष्टकऱ्यांविषयीचा आकस. एकाच तोंडातून विवेकही बोलत होता आणि अहंकारही.

दोहोंना वेगळे करण्यासाठी ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणुकीत एक उपयुक्त माप आहे. पोप अकरावे पायस ह्यांनी १९३१ साली, युरोपात हुकूमशाह्या फोफावत असताना, आपल्या विश्वपत्रात असे प्रतिपादन केले, की जे काम लहान समूह स्वतः नीट करू शकतो, ते त्याच्याकडून काढून घेऊन मोठ्या समूहाकडे सोपविणे हा अन्याय होय. मोठ्याने धाकट्याला साहाय्य करावे, त्याला गिळून टाकू नये. ह्यालाच पूरकतेचे तत्त्व म्हणतात. नवलाची गोष्ट अशी, की ज्या मास्ट्रिक्ट कराराला ब्रिटनमध्ये एवढा विरोध झाला, त्याच करारात हे तत्त्व लिहिलेले आहे. परंतु ह्या तत्त्वाला एक जुळे भावंड आहे : एकमेकांचा भार वाहण्याचे, म्हणजे बंधुभावाचे. पहिल्यावाचून दुसरे जुलमाकडे झुकते आणि दुसऱ्यावाचून पहिले स्वार्थाकडे.

हे सारे दूरदेशीचे वाटेल. पण आपल्या नगर जिल्ह्याच्या सीमेवरच समान चलनाचा आणि विलीनीकरणाचा एक मोठा प्रयोग होऊन गेला आहे. टोक्याजवळ प्रवरा आणि गोदावरी एकत्र येतात. १९४८ पर्यंत नदीच्या अलीकडचा काठ मुंबई इलाख्यात होता आणि पलीकडचा निजामाच्या राज्यात. दोन्ही काठांवर मराठीच बोलली जाई. पण अलीकडे कलदार रुपया चाले, तर पलीकडे निजामाचा हाली शिक्का. सहा कलदारांना सात हाली असा साधारण भाव होता. सीमेवर करोडगिरीचे नाके होते आणि माल ओलांडताना जकात द्यावी लागे. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले, तरी हाली नाणे एका रात्रीत बंद करण्यात आले नाही. काही काळ दोन्ही चलने शेजारी शेजारी चालली, आणि हाली शिक्का पूर्णपणे रद्द झाला तो १९५९ मध्ये. सामान्य माणसाच्या गाठीच्या पैशाला धक्का लागू नये म्हणून एवढा अवधी दिला गेला, ही लहान गोष्ट नव्हे.

हे चलनाचे ऐक्य टिकले आणि युरोपचे मात्र वारंवार हेलकावे खाते, असे का? कारण येथे चलनाबरोबर तिजोरीही एक झाली, मतपेटीही एक झाली आणि माणसाला कामासाठी कोठेही जाण्याची मोकळीक मिळाली. दुष्काळ पडला तर केंद्राचा पैसा दोन्ही काठांवर येतो. बीड-पाथर्डीकडच्या ऊसतोडणी कामगारांना साखर कारखान्याच्या फडावर येताना नाका लागत नाही. युरोपने नाणे एक केले, पण तिजोऱ्या वेगळ्याच ठेवल्या. ब्रिटिश शंकेखोरांनी हे व्यंग अचूक हेरले होते. मात्र त्यावरचा उपाय अधिक बंधुभाव हाही असू शकतो, हे त्यांना मान्य नव्हते.

तरीही नदीच्या पलीकडच्या लोकांच्या मनात शंका नव्हत्याच, असे समजू नये. पुण्या-मुंबईच्या पुढारलेल्या भागाबरोबर एकत्र आल्यावर आपल्याला कोण विचारणार, हा प्रश्न तेव्हाही होता. म्हणून २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात विदर्भ आणि मराठवाड्याला न्याय्य वाट्याची हमी देण्यात आली, आणि पुढे राज्यघटनेत विकास मंडळांची तरतूद झाली. ती मंडळे १९९४ मध्ये स्थापन झाली आणि २०२० मध्ये त्यांची मुदत संपली. शंका घेणाऱ्याला गप्प बसविण्याऐवजी त्याला हमी देणे हा सुज्ञपणा होता. दिलेली हमी पाळली न जाणे हा मात्र दोष, आणि तो शंका घेणाऱ्याच्या माथी मारता येत नाही.

गोव्याचा निर्णय ह्याच्या उलट झाला. १६ जानेवारी १९६७ रोजी तेथे जनमत कौल घेण्यात आला. महाराष्ट्रात विलीनीकरणासाठी फूल आणि केंद्रशासित राहण्यासाठी दोन पाने, अशा खुणा होत्या. दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मते पडली. महाराष्ट्रात अनेकांना हा कौल जिव्हारी लागला, आणि हे कॅथलिकांचे काम असे बोलले गेले. परंतु कॅथलिक समाज तेथे अल्पसंख्य होता. निम्म्याहून अधिक मते केवळ त्याच्या बळावर मिळणे शक्यच नव्हते. दोन पानांवर शिक्का मारणाऱ्यांत हिंदू बांधवही मोठ्या संख्येने होते. त्यांनी भारत नाकारला नव्हता की मराठीशी वैर धरले नव्हते. आपल्या भाषेचा, जमिनीचा आणि रीतिरिवाजांचा निर्णय आपल्याजवळ असावा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. ३० मे १९८७ रोजी गोवा वेगळे राज्य झाले. राशोलला १६१६ मध्ये छापलेले फादर स्टीफन्स ह्यांचे ख्रिस्तपुराण त्यामुळे आपल्याला परके झाले नाही. ते लिहिणारा धर्मगुरू जन्माने इंग्रज होता, हेही ह्या संदर्भात आठवण्याजोगे आहे. राज्ये वेगळी असूनही मने जोडलेली राहू शकतात. आपल्या धर्मप्रांताचेच पाहा ना! १९८७ मध्ये पुणे धर्मप्रांतातून नाशिक धर्मप्रांत वेगळा झाला आणि आपला जिल्हा त्यात आला. त्याला कोणी फूट म्हटले नाही. महागुरू आपल्या लोकांच्या अधिक जवळ आले, असेच म्हटले.

आता ह्या मापाने स्वतःला मोजण्याची वेळ येते. गोदावरीच्या खोऱ्यात पाण्याचा तंटा आहे. भंडारदरा, निळवंडे आणि मुळा ही धरणे आपल्याकडे वर आहेत. पैठणचे जायकवाडी खाली आहे. २००५ च्या कायद्याने खोऱ्यातील पाण्याच्या समन्यायी वाटपाचे तत्त्व आणले, आणि त्यानुसार २०१५, २०१८ व २०२३ ह्या टंचाईच्या वर्षांत वरच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडावे लागले. प्रत्येक वेळी आपल्याकडे मोर्चे निघाले आणि न्यायालयात धाव घेतली गेली. तेव्हा युरोपात ब्रिटन ज्या जागी उभे होते, त्या जागी आपण उभे होतो.

आपली बाजू खोटी आहे, असे नाही. भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि त्याच्या पाण्यावर प्रवराकाठच्या पिढ्या वाढल्या. नाथसागरात शेवगाव-नेवाशाकडची जमीनही बुडाली आहे. कोरड्या पात्रातून सोडलेले किती पाणी वाटेतच मुरते आणि खाली त्याचा वापर कशासाठी होतो, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. दूरच्या कचेरीत बसून आपल्या पाटाचा निर्णय झाला, तर तो खुपणारच. हा पूरकतेचा भाग झाला. पण दुसरा भागही आहे. जायकवाडीचा उजवा कालवा बीड जिल्ह्यात जातो. ज्या बीड जिल्ह्यातील माणसे मुलाबाळांसह येऊन थंडीत पाचटाच्या कोप्यांत राहतात आणि आपला ऊस तोडतात, त्याच जिल्ह्याच्या वाट्याचे ते पाणी आहे. त्यांचे हात आपले म्हणायचे आणि त्यांची तहान मात्र परकी मानायची, ह्याला कोणत्याही तत्त्वाचा आधार मिळणार नाही.

म्हणून शंकेची परीक्षा मला अशी करावीशी वाटते : शंका घेणारा काय राखू पाहतो, आणि त्याची किंमत कोण मोजते? गोवेकरांनी आपली भाषा आणि आपला निर्णयाधिकार राखला. त्यामुळे कोणा दुबळ्याच्या ताटातले काही गेले नाही. ग्रीसने आपल्या म्हाताऱ्यांची पेन्शने राखू पाहिली. त्याला स्वार्थ म्हणणे कठीण आहे. परंतु दारात आलेल्या कष्टकऱ्याला परत धाडण्यासाठी, किंवा खालच्या गावाला हंडाभर पाणी जाऊ नये म्हणून जेव्हा स्वायत्ततेचा झेंडा उभारला जातो, तेव्हा तो झेंडा विवेकाचा राहत नाही. एकीचा आग्रह धरणाऱ्यांचीही परीक्षा हीच आहे. जी एकी दुबळ्याला हमी देत नाही, त्याचे म्हणणे ऐकत नाही आणि दिलेला शब्द विसरते, तिच्याविषयी शंका घेणे हे पाप नव्हे. कधी कधी ते कर्तव्यच ठरते.

भावाभावांनी वेगळ्या चुली मांडल्या, तर घर मोडलेच असे होत नाही. धाकट्याच्या घरी आजारपण आले असता थोरल्याच्या घरून भाकरी जाते की नाही, ह्यावर ते ठरते. आणि एकाच चुलीवर जेवणाऱ्या घरातही धाकट्या सुनेला शेवटी उरलेले मिळत असेल, तर त्या एकत्रपणाचा गौरव कोणत्या तोंडाने करावा? येत्या टंचाईच्या वर्षी पाटाच्या पाण्यावरून पुन्हा बैठका होतील. त्या बैठकांत आपल्या धर्मग्रामांतील शेतकरी बांधवही असतील. त्यांनी आपली बाजू जरूर ठामपणे मांडावी. पण बोलताना नदीच्या पलीकडच्या काठावरचा माणूस समोर बसला आहे, असे समजून बोलावे.