आधी कोणी क्षमा मागायची?



ज्याच्यावर अन्याय झाला, त्याने क्षमा का मागावी? दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने आक्रमण केलेल्या पोलंडचे सुमारे ६० लाख नागरिक मारले गेले. तरीही १८ नोव्हेंबर १९६५ रोजी पोलंडच्या बिशपांनी जर्मन बिशपांना पत्र लिहून क्षमा दिली आणि मागितलीही. युद्धानंतर घरदार सोडावे लागलेल्या लाखो जर्मनांचे दुःख त्यांनी नाकारले नाही. साम्यवादी सरकार संतापले, अनेक भाविकही दुखावले. सीमेवर अंतिम शिक्कामोर्तब व्हायला १९९० साल उजाडले.

दोन्ही अपराध सारखे नव्हतेच. पण दुसऱ्याचा अपराध मोठा म्हणून आपला पुसला जात नाही. मिस्सामध्ये शांतीची खूण देताना आपणही ‘आधी त्याने यावे’ असे म्हणत थांबतो का?